आधी कोंबडे मोजा : गावठी कळपाचं मूळ आणि वैविध्य ओळखायची, राखायची रीत

मला हे कळलं ते अंड्यांवरून. खुडूक कोंबडीखाली चौदा अंडी ठेवायची आणि बारा, निदान अकरा पिल्लं निघायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं. मग एका हंगामात नऊ निघाली, पुढच्यात सात. न निघालेली अंडी फोडून पाहिली तर बहुतेकांत पिल्लू जवळजवळ पुरं भरलेलं आणि आतच मेलेलं. मी आधी कोंबडीला दोष दिला, मग उन्हाला, मग दाण्याला. अंडी शिळी होती का, तेही तपासलं. शेवटी बोट थांबलं ते माझ्या लाडक्या कोंबड्यावर. तांबडा-सोनेरी, शेपटीला हिरवी झाक, छाती काढून चालणारा. त्याच्या देखणेपणाच्या नादात चार वर्षं मी दुसरा नर ठेवलाच नव्हता. कळपात त्याच्या मुली होत्या, मुलींच्या मुली होत्या, आणि सगळ्यांना नर तोच.

लाज वाटायची गोष्ट म्हणजे तेव्हा माझं पोटापाण्याचं कामच गावठी कोंबड्यांच्या रक्ताचे नमुने गोळा करायचं होतं. दिवसभर लोकांच्या अंगणात ‘वैविध्य’ शोधत फिरायचे आणि घरी स्वतःचं खुराडं एका बापावर चालवायचे. त्यात माझ्या कळपात रंग मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नव्हती. काळ्या, तांबड्या, राखी, ठिपक्यांच्या, एक तर उरफाट्या पिसांची. इतके रंग म्हटल्यावर वैविध्य असणारच, असं मी धरून चालले होते. पण रंग हा मोजक्या जनुकांचा खेळ आहे. कोंबडीच्या गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात आणि त्यांवर हजारो जनुकं. पिसांवर दिसतं ते त्यातलं चिमूटभर. बाकीचं, म्हणजे रोगाशी झुंजणं, ऊन सोसणं, अंड्यातून जिवंत बाहेर येणं, हे पिसांवर लिहिलेलं नसतं.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. कळपात माद्या किती हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं. तुम्ही नर मोजा, आणि तेही जे खरोखर पिल्लांचे बाप होतात तेच. मग पाटीवर एवढं गणित करा: नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याला चाराने गुणा, आणि नर-माद्यांच्या बेरजेने भागा. जो आकडा येईल तो कळपाचा ‘खरा’ आकार. शास्त्रात त्याला परिणामकारक संख्या म्हणतात. एक नर आणि वीस माद्या असल्या तर उत्तर येतं ३.८. अंगणात एकवीस पक्षी चरत असले तरी आनुवंशिकतेच्या हिशेबात कळप चार जीवांचाही नाही. मग माद्या वाढवून पाहा. एक नर आणि शंभर माद्या: ३.९६. ऐंशी माद्या वाढवून पदरात काय पडलं, तर काहीच नाही. आता माद्या वीसच ठेवा आणि नर पाच करा. उत्तर १६.

याच आकड्याची दुप्पट करून एकाला तिने भागलं की दर पिढीत नात्यातलं रक्त किती वाढणार तेही कळतं. एका नरावर साधारण १३ टक्के, पाच नरांवर ३ टक्क्यांच्या आसपास. जाती जतन करणाऱ्यांचा दंडक दर पिढीला १ टक्क्याच्या आत राहण्याचा आहे. म्हणजे परिणामकारक संख्या किमान ५०. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटनाही हाच आकडा धरते. वीस नर आणि चाळीस माद्या ठेवल्या तर ५३ येतो. वीस कोंबडे एका अंगणात ठेवून दाखवा, मग बोलू. एकट्याच्या घरात हा आकडा गाठणं जवळपास अशक्य आहे. त्यामुळे ही गोष्ट चार-सहा घरांनी मिळून करायची असते, आणि तिचा मार्ग पुढे येतोच.

एका घरी नमुने घ्यायला गेले होते. आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. अकरा कोंबड्या. मी विचारायच्या आधीच त्यांनी एकेकीकडे बोट करत सांगितलं: ही त्या बोडकीची, ती बोडकी पाऊस लांबला त्या वर्षीची, ही आणि ती बहिणी, यांची आई मुंगसाने नेली. तीन पिढ्यांच्या आया तोंडावर. मी लिहून घेत गेले आणि शेवटी विचारलं, ‘आणि आजी, यांचा बाप?’ त्या हसल्या. ‘अगं, कोंबडा काय, कुणाचाही असतो.’

यात सगळं आलं. आईचा वंश आपण डोळ्यासमोर पाहतो, कारण पिल्लं तिच्या मागे फिरतात. बाप मात्र वाऱ्यावर. आणि कळपाचं वैविध्य बुडतं ते नेमकं त्या न लिहिलेल्या बाजूने.

बाप कोण हे ओळखायच्या दोन-तीन युक्त्या सांगते, प्रयोगशाळेशिवायच्या. पक्ष्यांत गंमत उलटी असते. नराकडे दोन सारखी लिंगगुणसूत्रं, त्यांना झेड म्हणतात. मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मुलीला तिचं एकुलतं झेड बापाकडूनच मिळतं. काळ्या-पांढऱ्या धुरकट आडव्या पट्ट्यांचा जो रंग प्लिमथ रॉक जातीत दिसतो, त्याचं जनुक या झेडवर बसलेलं असतं आणि एक प्रत असली तरी पट्टे दिसतात. तेव्हा कळपात अशी पट्टेरी तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, दिसली की तिची आई कुणीही असो, बाप पट्टेरीच. तुमच्या कोंबड्यावर पट्टे नाहीत? मग शेजारचा कुंपण ओलांडून येऊन गेला आहे. उलट, पट्टेरी कोंबडीला साध्या काळ्या कोंबड्यापासून झालेली पट्टेरी पिल्लं सगळी नर निघतात. एका दिवसाच्या काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसला की झालं.

तुऱ्यावरूनही कळतं. साधा, एका ओळीत करवतीसारखे दाते असलेला तुरा दबणारा असतो. वाटाण्याच्या शेंगेसारखा बसका, तीन ओळींचा तुरा त्याच्यावर मात करतो. सगळ्या कोंबड्या करवती तुऱ्याच्या आणि पिल्लू वाटाणा तुऱ्याचं, तर तो तुरा बापाकडून आला. दोन वाटाणा तुऱ्याच्या जोडीला मात्र एखादं करवती तुऱ्याचं पिल्लू होऊ शकतं. तेवढ्यावरून कुणावर संशय घेऊ नका. प्राण्यांतही मेंडेलचे नियम चालतात हे विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये प्रथम दाखवलं ते कोंबड्यांच्या अशाच तुऱ्यांवरून.

अंगावरच्या खुणा वाचायला शिकलं की नुसता छंद राहत नाही, नुकसानही टळतं. उघड्या मानेची कोंबडी घ्या. मानेच्या पुढच्या बाजूला, छातीच्या जरा वर, पिसांचा एक झुबका असेल तर तिच्यात त्या जनुकाची एकच प्रत आहे. झुबका नसून मान साफ उघडी असेल तर दोन. एका प्रतीने अंगावरची पिसं साधारण पाचव्या हिश्शाने घटतात, दोन प्रतींनी त्याच्या दुपटीने. उष्ण हवेत हा गुण सोन्यासारखा आहे, अंगातली उष्णता निघून जाते. ‘दिसायला वंगाळ’ म्हणून लोक याच कोंबड्या आधी काढून टाकतात, ते मला पटत नाही. उरफाट्या पिसांचं याच्या उलट. एका प्रतीने पीस वळतं, ते ठीक. दोन्हीकडून मिळालं तर पीस ठिसूळ होऊन गळतं आणि पक्षी अर्धा नागडा राहतो. म्हणून उरफाट्याला उरफाटी देऊ नये, साधी द्यावी. आणि आखूड पायांच्या सरपटत चालणाऱ्या कोंबड्या असतात ना, त्यांची जोडी आपसात लावली तर चौथा हिस्सा अंडी वाया जातात. दोन्ही प्रती मिळालेला गर्भ पहिल्या काही दिवसांतच मरतो. लोक म्हणतात अंडी खाली गेली. खाली नव्हती, जीव धरून गेली होती.

पायाची नळी पाहायची सवय मला नमुने घेताना लागली. कोंबडी बगलेत घ्यायची, पाय धुवायचा, आणि सावलीत खवल्यांचा रंग बघायचा. उन्हात फसगत होते. पिवळा, पांढरट, निळसर करडा, हिरवट: चार रंग म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. कातडीत पिवळा रंग साठतो की नाही ही एक, आणि खाली काळं रंगद्रव्य आहे की नाही ही दुसरी. पांढऱ्या कातडीखाली काळं असलं तर पाय निळसर पाटीसारखा दिसतो; पिवळ्या कातडीखाली काळं असलं तर हिरवट. हिरवा पाय म्हणजे काही वेगळी जात, हा समज इथेच सोडून द्या. आणखी एक खबरदारी: पिवळा रंग चाऱ्यातून येतो. हिरवा पाला, पिवळा मका खाणारीचा पाय गडद, कोंडाखाऊचा फिका. अंड्यावर असलेल्या कोंबडीचा तर उतरतोच. मी नोंदीसाठी तलंगाच पाहते.

या पिवळ्या पायातच कोंबडीच्या उगमाचा एक मोठा धागा सापडला, म्हणून जरा थांबते. डार्विनने १८६८ मध्ये मांडलं की जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्यांचा पूर्वज एकच, तांबडा रानकोंबडा. ते मत दीर्घकाळ टिकलं. पण तांबड्या रानकोंबड्याची कातडी पिवळी नसते. मग गावागावांत पिवळे पाय आले कुठून? २००८ मध्ये उत्तर मिळालं: पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्यासारख्या दुसऱ्या जातीकडून आलेलं आहे. राखी रानकोंबडा फक्त भारतात, त्याच्या पश्चिम आणि दक्षिण भागांतल्या रानांत राहतो. म्हणजे पाळीव झाल्यावर कधीतरी, कुठेतरी, एखाद्या गावठी कोंबडीने रानाच्या कडेला घरोबा केला आणि तिची खूण आज जगभरच्या पिवळ्या पायांत चालते आहे. बाप कुणाचाही असतो, म्हणाल्या होत्या आजी.

मूळ ठिकाणाबद्दल जुन्या पुस्तकांत दोन गोष्टी वारंवार येतात: सिंधू खोऱ्यात कोंबडी प्रथम माणसाळली, किंवा उत्तर चीनमध्ये आठ-दहा हजार वर्षांपूर्वी. या दोन्ही आता जशाच्या तशा सांगू नका. २०२० मध्ये ८६३ पक्ष्यांचे संपूर्ण जीनोम ताडून पाहिले गेले, त्यात रानकोंबड्यांच्या चारही जाती होत्या. पाळीव कोंबडी सगळ्यांत जवळ निघाली ती तांबड्या रानकोंबड्याच्या स्पॅडिसियस या उपजातीला. ही उपजात आज नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यात आहे. पुढे कोंबडी माणसाबरोबर पसरत गेली तशी वाटेतल्या इतर उपजातींचं रक्तही तिच्यात मिसळत गेलं. दक्षिण आशियात मुर्घी नावाच्या उपजातीचं. मग २०२२ मध्ये ८९ देशांतल्या सहाशेहून अधिक ठिकाणच्या हाडांचा फेरतपास झाला. ज्यांना पुरातन कोंबडी म्हणून मिरवलं गेलं होतं त्यांतली बरीच हाडं कोंबडीची नव्हतीच, किंवा वरच्या थरातून खाली घसरलेली होती. खात्रीची सर्वांत जुनी हाडं निघाली मध्य थायलंडमधल्या बान नोन वाट इथली, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली. त्याच सुमारास तिथे कोरडवाहू भात आणि भरड धान्यं पेरली जाऊ लागली होती. रानकोंबडा दाण्याला भुलून वस्तीजवळ आला, असं त्या संशोधकांचं म्हणणं आहे. मला ते लगेच पटलं. कोंबडी दाण्यासाठी काय करते हे ज्याने सकाळी खुराडं उघडलं आहे त्याला सांगावं लागत नाही. युरोपात ती पोचायला इसवी सनापूर्वी ८०० च्या आसपासचा काळ उजाडला.

आईकडचा प्रवास वेगळ्या धाग्याने वाचता येतो. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून उतरतो, बापाचा त्यात हात नसतो. या धाग्यांचे नऊ मोठे गट २००६ च्या अभ्यासात मांडले गेले, ए ते आय. त्यातला ई गट भारतीय उपखंडापासून मध्यपूर्व आणि युरोपपर्यंत पसरलेला आहे. पूर्व आफ्रिकेच्या गावठी कोंबड्यांत मात्र याच्या जोडीला आग्नेय आशियाकडचा धागाही भेटतो, म्हणजे तिथे कोंबडी एकाच वाटेने गेली नाही, समुद्रावरूनही गेली. आता यातून तुमच्या उपयोगाचं: बाहेरून कितीही कोंबडे आणा, कळपाचा आईकडचा धागा बदलत नाही. तो जपायचा असेल तर म्हाताऱ्या कोंबडीच्या एका तरी मुलीला मागे ठेवायचं. तो धागा एकदा तुटला की नरांच्या देवाणघेवाणीने परत येत नाही.

आता राखायची रीत. मी कळपाचे तीन गट केले आहेत: लाल, निळा, पिवळा. पायात प्लास्टिकच्या रंगीत कड्या. कड्या नसतील तर सुताची सैल गाठही चालते, फक्त वाढत्या पायात ती रुतत नाही ना हे दर पंधरवड्याला पाहायचं; माझ्या एका तलंगेचा पाय सुजला होता. नियम एकच. मुली आईच्या रंगात राहतात, मुलगे पुढच्या रंगात जातात. लाल गटातले कोंबडे निळ्या कोंबड्यांवर, निळे पिवळ्यांवर, पिवळे लालांवर. दर हंगामाला पुन्हा तसंच. तोच नर पुढच्या हंगामात त्याच गटावर ठेवला नाही, तर यात कुठल्याही कोंबडीच्या वाट्याला तिचा सख्खा बाप किंवा भाऊ येत नाही. तीन घरांनी एकेक रंग घेतला तर एकाच घरात जागा अडकत नाही. सहा घरं असली तर फारच उत्तम, सहा रंग करा.

गटातले नर एकत्र सोडून ‘पाच आहेत की’ म्हणणं हा भाबडेपणा. कोंबड्यांत मान असतो. वरचढ नर इतरांना जवळ येऊ देत नाही, आणि दुबळ्याने संधी साधलीच तर कोंबडी त्याचं वीर्य बाहेर टाकून देते. हे मोकाट कोंबड्यांच्या एका अभ्यासात २००० मध्ये नोंदलं गेलं आहे. पाच नरांपैकी चार नावालाच, असं सहज होतं. म्हणून प्रत्येक गटात एका वेळी एकच नर सोडायचा, बाकीचे वेगळे, आणि अंड्यांची एक-दोन बैठकं झाली की नर बदलायचा. बदलल्यावर लगेच अंडी बसवू नका. कोंबडीच्या पोटात शुक्राणू दोन ते तीन आठवडे जिवंत राहतात. तीन आठवडे अंडी खायला किंवा वाटायला काढा, मग निघालेली पिल्लं नव्या बापाची समजायची. मला या तीन आठवड्यांचा फार कंटाळा यायचा. नंतर सोय लक्षात आली: बाहेरून आणलेला कोंबडा तेवढेच दिवस एकटा ठेवावा लागतो. जुना नर काढायचा आणि नवा आणून कोपऱ्यातल्या जाळीत ठेवायचा हे एकाच दिवशी केलं की दोन्ही मुदती बरोबरच संपतात. तेवढ्या काळात मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, असेल तर दिसून येते. घाई करून थेट कळपात सोडलेल्या कोंबड्याने अख्खं खुराडं रिकामं केल्याचं मी पाहिलं आहे. मान वळलेली, हिरवी पातळ विष्ठा, आणि चार दिवसांत सगळं शांत.

पुढची पिढी निवडताना सुरी चालवायची ती इथे: प्रत्येक कोंबड्याचा एक मुलगा, प्रत्येक कोंबडीची एक मुलगी. जास्त अंडी देणारीच्या पाच मुली आणि बाकीच्यांच्या शून्य, हे करायचं नाही. पाच नर-वीस माद्यांच्या कळपात नुसत्या या शिस्तीने दर पिढीची वाढ ३ वरून २ टक्क्यांवर येते, एकही पक्षी न वाढवता. मी हे दहा जणांना सांगितलं तर आठ जण म्हणतात, मग चांगली पैदास कशी होणार? बरोबर आहे प्रश्न. हा मार्ग अंडी वाढवायचा नाही. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, संकरित तीनशेला टेकते, आणि तिच्या मागे लागून गावठी कधी जिंकणार नाही. तिचं काम वेगळं आहे: स्वतः खाणं शोधणं, घारीला पाहून पिल्लं पंखाखाली घेणं, खुडूक बसणं. व्यापारी शुद्ध वंशांत मूळ जातींतलं निम्मं किंवा त्याहून जास्त वैविध्य उरलेलं नाही, असं २००८ मध्ये मोजलं गेलं. ते हरवलेलं निम्मं अजून कुठे असेल तर अशाच अंगणांत. थोडी निवड करायची हौस असेल तर प्रत्येक आईच्या मुलींमधली सर्वांत धट्टीकट्टी ठेवा. घराण्यात निवडा, घराण्यांमध्ये नको.

कुठली अंडी कुणाची हे ओळखायला फार यंत्रं लागत नाहीत. दर कोंबडीच्या अंड्याची छटा, टोक आणि जागा ठरलेली असते. पंधरा दिवस नीट पाहिलं तर ओळख बसते. पेन्सिलीने अंड्यावर आईची खूण आणि तारीख घालते. आठवड्याच्या वरचं अंडं मी बसवत नाही. एका खुडूक कोंबडीखाली वेगवेगळ्या आयांची अंडी असली तरी चालतं, फक्त अठराव्या दिवशी प्रत्येक आईची अंडी वेगळ्या कोंबडीखाली सरकवायची, नाहीतर एकविसाव्या दिवशी सगळी पिल्लं सारखीच ओली आणि सारखीच अनाथ.

बाहेरचा कोंबडा आणायचा तर कुठून? जिथे कोंबड्या खुडूक बसतात अशा अंगणातून. हाच एक प्रश्न मी विचारते: ‘पिल्लं कशी काढता?’ ‘मशीनमधून’ म्हटलं की निघते. व्यापारी वाणांतून खुडूक बसणं मुद्दाम काढून टाकलेलं असतं, आणि तसा एक देखणा तपकिरी नर कळपात शिरला की एक-दोन पिढ्यांत अंडी वाढतात, मग बसायला कुणी तयार नसतं. कोंबडा हवामानाने आपल्यासारख्याच, पण देवाणघेवाण नसलेल्या वस्तीतून आणावा. चार-पाच वर्षांतून एक पुरतो. दरवर्षी आणत राहिलात तर तुमचा कळप त्यांचाच होऊन जाईल.

कुणी विद्यापीठातलं माणूस नमुने मागायला आलं, किंवा तुम्हीच चार घरं मिळून तपासून घ्यायचं ठरवलं, तर एका घरातून एकच पक्षी द्या, फार तर दोन, आणि ते एका वेतातले नकोत. माझ्या पहिल्या वर्षीची चूक हीच: एका दयाळू घराने सहा पक्षी धरून दिले, मी खूश, आणि त्या सहाही बहिणी निघाल्या. वस्तीमागे पंचवीस ते पन्नास नमुने, त्यात नरही हवेत. पंखाच्या आतल्या बाजूला कोपराजवळ शीर दिसते, पिसं ओली करून बाजूला केली की निळी रेघ. हे टोचण्याचं काम शिकलेल्या हातानेच करावं. रक्त टिपायच्या कागदी कार्डावर एक थेंब पुरतो, कारण पक्ष्यांच्या तांबड्या पेशींतही केंद्रक असतं, आपल्यासारखं रिकामं नसतं. कार्ड सावलीत वाळवा, दरेक वेगळ्या कागदी पाकिटात, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. त्याबरोबर वजन, तुरा, नळीचा रंग, कडेने काढलेला फोटो.

प्रयोगशाळेत बहुधा डीएनएतल्या ३० ठरावीक खुणांवर तपासतात, ती यादी अन्न व कृषी संघटनेच्या शिफारशीची आहे. नाहीतर डीएनएवरचे लाखो बिंदू एकदम वाचणारी चिप वापरतात. अहवालात दोन आकडे शोधा: प्रत्यक्ष आढळलेली विषमता आणि अपेक्षित विषमता. विषमता म्हणजे एकाच जागेवर आईकडची आणि बापाकडची प्रत वेगळी असणं. आढळलेला आकडा अपेक्षेहून बराच खाली असेल तर नात्यातले जोडे लागत आहेत. पण घाबरण्याआधी विचारा, नमुने दोन लांबच्या वस्त्यांचे एकत्र केले होते का. तसं केलं तरी हाच आकडा खाली दिसतो, दोन्ही वस्त्या ठणठणीत असल्या तरी. आमच्या एका अहवालावर यावरून चार महिने वाद चालला, आणि चूक निघाली ती पाकिटं एका खोक्यात भरणाऱ्या माणसाची. ते माणूस म्हणजे मी.

त्या तांबड्या कोंबड्याचं काय केलं, असं सगळे विचारतात. मी त्याला काढलं नाही. दोन परक्या कोंबड्या देऊन वेगळ्या जाळीत ठेवला, तिथेच तो आठ वर्षांचा होऊन गेला. नियमाप्रमाणे त्याचा एकच मुलगा मागे आहे, आज निळ्या गटावर सोडलेला. आरवणं हुबेहूब बापाचं आहे. शेपूट मात्र आईवर गेली, अगदीच बेताची.